आपा कुणाला म्हणायचं

माणूस विशीत आलं की मोठं झालं, असं धरून लोक आपल्या वाढण्याच्या आठवणी तिथे आवरत्या घेतात. माझं तसं जमत नाही. डहाणूच्या आमच्या चिकूवाडीत मी उंच झाले, जाड झाले, सासरी गेले, दोन लेकरांची आई झाले, हे सगळं मागे लिहून झालंय. पण वाढायची राहिले होते ती राहिलेच होते. ते काम साठीला टेकल्यावर झालं, आणि तेही तलासरीत, एका बेकरीच्या वरच्या खोलीत. तेव्हाची मी आठवली की मला हसू येतं. केस काळे केलेली, कुंकू ठसठशीत लावणारी, आपल्याला तीन भाषा येतात या घमेंडीत चालणारी बाई. मराठी घरची, गुजराती शेजारची आणि हिंदी टीव्हीतली. वाडीवरच्या दलालाशी भांडायला एवढं पुरत असे, म्हणून मला वाटे जगाशी बोलायलाही पुरेल.

माझी लेक वैशाली तलासरीला प्राथमिक शाळेत शिक्षिका. जावई वापीला कारखान्यात. दोघं बाजारातल्या एका बेकरीच्या वर भाड्याने राहत. बाळंतपणाला ती वाडीवर यायची होती, मी डिंकाचे लाडू वळून ठेवले होते, पण बाळाने काही आमच्या सोयीची वाट पाहिली नाही. मीच लाडवांचा डबा घेऊन जीपने कासाला आणि तिथून दुसऱ्या गाडीने तलासरीला पोचले. मुलगी झाली. सगळं ठीक होतं, आणि मग वैशालीला ताप भरला. तिला वापीच्या मोठ्या दवाखान्यात हलवलं, औषधं अशी की बाळाला अंगावर पाजायचं नाही, आणि बाळाला तिथे आणायचंही नाही. उरले मी, ती आठवडाभराची पोर आणि पावडरच्या दुधाचा डबा. पोरीने बाटली तोंडात घ्यायची, दोन घोट जायचे आणि चार घोट माझ्या पदरावर परत यायचे. मी दोन लेकरं वाढवलेली बाई, पण त्या दुपारी मला काही सुचेना. ती रडत होती आणि तिच्याबरोबर मीही.

जिना वाजला. दारात खालच्या बेकरीची मालकीण उभी. जुबेदा तिचं नाव, पण सगळा बाजार तिला आपा म्हणे. भाजीवाल्या म्हणत, रिक्षावाले म्हणत, तिच्याहून थोराड दिसणारा पोस्टमनही म्हणे. मी म्हणत नसे. आपा म्हणजे मोठी बहीण, एवढं मला ठाऊक होतं, आणि हिला बहीण म्हणायला ही माझी कोण लागत होती? मी तिला जुबेदाबेन म्हणे. आमच्या भागात बेन हे नावाचं शेपूट असतं, कुणालाही लावावं.

"ये रोना भूख का है," ती म्हणाली. "मेरी बहू को भी बेटा हुआ है, आपकी बच्ची से दो दिन छोटा. दूध उसको बहुत है. पिला देगी. मगर पहले बच्ची की माँ से पूछ लीजिए."

"अरे, पूछना क्या उसमें? पिलाव, पिलाव!"

"नहीं. दूध से रिश्ता बनता है, बच्ची की नानी. बाद में कोई ये न कहे कि हमें मालूम नहीं था."

मला त्या घटकेला रिश्ताबिश्ता काही ऐकू येत नव्हतं. वैशालीला फोन लावला. ती तापातच म्हणाली, "आई, पाज गं, विचारतेस काय!" जुबेदाने फोन माझ्या हातातून घेतला, आणि जावयाचाही होकार कानाने ऐकला तेव्हाच तिचं समाधान झालं. मग तिची सून तबस्सुम वर आली, भिंतीला टेकून बसली, बिस्मिल्ला म्हणाली आणि पोरीला जवळ घेतलं. खोलीत एकदम शांत झालं. इतकं की खाली फळीवर पीठ आपटल्याचा थाप थाप आवाज ऐकू यायला लागला. वैशाली घरी येऊन तिला नीट दूध येईपर्यंत तबस्सुम पाजत राहिली. मी तिला आमचे डिंकाचे लाडू खाऊ घातले, तिच्या सासूने वैशालीला हरीरा पाठवला. तुपात परतलेला सुकामेवा, सुंठ, गूळ, असा दाट, वाटीला चिकटून बसणारा. माझ्या मते हिशेब फिटला. लाडू आणि हरीरा. अशी मी शहाणी.

पोरीचं नाव गार्गी ठेवलं, त्या घरच्या मुलाचं फैजान. मी महिन्यातून एकदा-दोनदा चिकूची पिशवी घेऊन तलासरीला जाई आणि दोन-चार दिवस राही. त्या घरात माझा वेळ वरच्यापेक्षा खालीच जास्त जाई, कारण वास खाली होता. पहाटेचा पावाचा, दुपारचा खारीचा आणि चारच्या सुमाराला वेलचीच्या नानकटाईचा. त्यांच्याकडे एक रीत होती. भट्टीतून पहिला ट्रे निघाला की त्यातली पहिली नानकटाई बशीत घालून जुबेदाकडे जायची. ती तोडणार, तुकडा तोंडात टाकणार, "ठीक है" म्हणणार, मग बाकीच्यांनी हात लावायचा आणि माल काचेच्या कपाटात जायचा. नवरा मालक, भट्टी त्याची, पण पहिला मान आपाचा. तिच्या मागे सहा भावंडं. आई गेल्यावर हिनेच त्यांना भरवलं, म्हणून आधी तिने खायचं.

तिचा धाकटा भाऊ रफीकमामू भिवंडीहून सणाला यायचा. पांढरी दाढी, काठी, चढायला त्रास. पण बहिणीपुढे डोकं झुकवून उभा राहायचा, "आपा, सलाम" म्हणायचा आणि ती डोक्यावरून हात फिरवी तेव्हाच बसायचा. पहिल्यांदा मला हे पाहून मजा वाटली. मजेचा कळस पुढे होता. तो जुबेदाच्या नवऱ्याकडे वळला. हे बेकरीवाले चाचा सत्तरीचे, तोंडात एक दात नाही, खारीसुद्धा चहात बुडवून खाणारे. आणि मामू त्यांना म्हणतो, "दूल्हाभाई, तबीयत कैसी है?" दूल्हाभाई! मी पदर तोंडात कोंबला. वर जाऊन वैशालीला म्हटलं, "अगं, त्या बोळक्याला नवरदेव म्हणतात!" ती म्हणाली, "मोठ्या बहिणीच्या नवऱ्याला तसंच म्हणतात, आई. लग्नाच्या दिवशी ज्या नावाने घरात आला, ते नाव आयुष्यभर." आज वाटतं, किती छान आहे. आमच्या ह्यांना माझ्या भावंडांनी आयुष्यभर नुसतं 'अहो ऐकलं का' म्हटलं.

मुलं वाढली. गार्गी दोन दिवसांनी मोठी, म्हणून फैजानला बोलायला लागल्यापासून शिकवलं होतं, हिला नावाने हाक मारायची नाही. तो तिला आपा म्हणे. एवढंसं पोर, नाकातलं पाणी पुसत, "आपा, मेरी गाडी दो." आणि आमची आपा चड्डी सावरत गाडी द्यायची की नाही यावर विचार करायची. ईदला तबस्सुम दोघांचे कपडे एकाच ठाणातले शिवायची. मी म्हणे, किती प्रेमळ शेजार मिळालाय! शेजार. मला दुसरा शब्द सुचतच नव्हता.

फैजानला चार वर्षं होऊन गेली तेव्हा त्याचा बिस्मिल्ला झाला. म्हणजे पोर पहिलं अक्षर वाचतं त्याचा समारंभ. भिवंडीचे सगळे आले, बेकरीमागच्या अंगणात मांडव, बिर्याणीची डेग. फैजानला छोटी शेरवानी घातली होती, कपाळावर फुलांचा सेहरा. शेजारी गार्गी, तबस्सुमने शिवलेला हिरवा शरारा घालून. दोघं खुर्चीवर पाय हलवत बसलेली. आता आमच्या वाडीवर असं दृश्य दिसलं की कुणीतरी म्हातारी जे बोलतेच बोलते, तेच मी बोलले. माझं स्वतःचं लग्न लहानपणी अशाच चेष्टेत चार जणांशी लागलेलं आहे. मी मोठ्याने म्हणाले, "अरे वा! दूल्हा तैयार, हमारी दुल्हन भी तैयार! निकाह पढ़वा दो आजच, बिर्याणीचा खर्च वाचेल!"

कुणी हसलं नाही. मामूच्या हातातला सरबताचा ग्लास खाली आला. जुबेदा हळू आवाजात म्हणाली, "गार्गी की नानी, भाई-बहन हैं ये."

इथे गप्प बसावं की नाही? पण मला वाटलं, विनोद पोचला नाही, जरा उलगडून सांगावा. "हाँ हाँ, बचपन में सब भाई-बहनच होते हैं! बड़े होने दो, फिर बघू."

तबस्सुमने फैजानला उचललं आणि आत गेली. सेहऱ्याची दोन फुलं खुर्चीवर राहिली. वैशालीने माझं मनगट धरून मला जिन्यावर नेलं.

"आई, तबस्सुमने हिला पाजलंय. त्यांच्यात दूध-शरीक म्हणजे सख्खा भाऊ. सख्खा! लग्न कधी होऊच शकत नाही. तू भर मांडवात काय बोललीस कळतंय का तुला?"

"मग हे मला कुणी आधी सांगितलं का नाही?"

"पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तुझ्यासमोर. तू 'पिलाव पिलाव' करत होतीस."

मामूंनी जाताना बहिणीला सांगितलं ते तबस्सुमने रडत वैशालीला सांगितलं. ज्यांना रिश्ता ठाऊकच नाही, त्यांच्याशी रिश्ता कसला? मुलं मोठी होतील, आजी असं बोलते तर उद्या बाकीचे काय बोलतील? आत्ताच वेगळी केलेली बरी. झालं. पाव येत होता, पण दाराच्या कडीला पिशवी लटकवलेली. फैजान वर येईनासा झाला. गार्गी शाळेतून आली की जिन्याच्या मधल्या पायरीवर बसे, खालच्या दाराकडे बघत. मी चिकूची मोठी पिशवी घेऊन जुबेदाकडे गेले. तिने दोन्ही हातांनी घेतली आणि म्हणाली, "शुक्रिया." इतकं सभ्य, इतकं थंड शुक्रिया मी त्याआधी ऐकलं नव्हतं. चार शिव्या दिल्या असत्या तर मी जेवले असते. माझ्या एका जिभेने माझ्या नातीचा भाऊ जाणार होता, आणि तो भाऊ होता हेही मला आत्ताच कळलं होतं.

त्याच हिवाळ्यात आमच्याकडची जमीन हलायला लागली. डहाणू-तलासरीकडच्या कुणालाही विचारा, ते दिवस विसरलेलं माणूस मिळणार नाही. जमिनीच्या पोटातून गडगड आवाज यायचा, मांडणीवरची पातेली एकमेकांना टकटक करायची आणि थांबायचं. एका दुपारी मी आणि गार्गी वर होतो. या वेळचा धक्का चांगलाच जोराचा होता. भिंतीचा पोपडा पडला, डब्यांची रांग खाली आली. मी पोरीला पोटाशी धरून नुसती उभी. सगळा बाजार ओरडत मोकळ्यावर पळत होता, जिने उतरत होता, आणि आमचा जिना उलटा वाजला. फैजान वर येत होता. "आपा! आपा, चलो! बाहर चलो!" त्याच्या मागे त्याला पकडायला तबस्सुम, आणि तिच्यामागे गुडघ्यांना शिव्या घालत जुबेदा. त्या पोराने गार्गीचा हात धरला आणि तिला ओढायला लागला. माझ्याकडे त्याने बघितलंही नाही. जुबेदाने माझा दंड धरला, "चलिए, खड़ी क्या हैं!"

काही झालं नाही. बेकरीच्या भट्टीला एक चीर गेली तेवढी. पण रात्री घरात झोपायची कुणाची छाती नव्हती, म्हणून मैदानात ताडपत्र्या बांधल्या आणि पुढचे कितीतरी दिवस आम्ही सगळे संध्याकाळपासून तिथेच. दोन्ही मुलं एका गोधडीत. कुणी वेगळी केली नाहीत, पण कुणी काही बोललंही नाही. मी चुलीपाशी चहा गाळणाऱ्या तबस्सुमकडे सरकले आणि म्हणाले, "मला शिकव. तुमच्यात कुणाला काय म्हणतात, सगळं."

पलीकडून जुबेदा म्हणाली, "इस उम्र में?"

"उम्र ही तो है मेरे पास, दुसरं काय आहे!"

ती हसली नाही, पण तिच्या तोंडाचा कोपरा हलला. अशी आमची ताडपत्रीखालची शाळा सुरू झाली. मोठी बहीण आपा किंवा बाजी, मोठा भाऊ भाईजान, आणि मोठ्यांचं नाव घ्यायचं नाही, मग मोठेपण दोन दिवसांचं का असेना. दुसऱ्याच्या बहिणीची चौकशी करायची तर तेरी बहन म्हणायचं नाही, आपकी हमशीरा कैसी हैं, असं अदबीने. मी लहानपणी माझ्या थोरल्या भावाला "ए वश्या" अशी हाक मारून थोबाडीत खाल्लेली, तर मला हे फार जड गेलं. मी पाच भावंडांत शेंडेफळ. घरात मला 'धाकली' म्हणत. ते जुबेदाला सांगताना माझ्या तोंडून निघालं, "मला जन्मात कुणी ताई म्हटलं नाही." ती काड्या चुलीत सारत म्हणाली, "और मैं सबकी आपा. मेरी कोई आपा नहीं हुई. किसको कहती?" मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आप तो मुझसे छोटी ही होंगी." मी काळ्या केसांवरून पदर सारखा केला आणि लाजून मान खाली घातली. खोटं बोलले नाही. नुसती मान घातली.

ईदला रफीकमामू आले. मी आदल्या दिवशीच वाडीवरून आले होते आणि जिन्यात चढता-उतरता पाठ करत होते. शीरखुर्म्याच्या वाट्या फिरायला लागल्या तेव्हा मी मधोमध उभी राहिले. या वेळी जमीन हलत नव्हती, मीच हलत होते.

"मामूसाहब, मला बोलायचं आहे. फैजान हमारी गार्गी का दूध-शरीक भाई छे... है. सगा भाई. मेरी बेटी ने, मेरे जमाई ने, हमने सबने माना है. मी त्या दिवशी मूर्खासारखं बोलले, कारण मला रिश्ता मालूम नव्हता. आता मालूम है. उद्या आमच्याकडचं कुणी वाकडं बोललं, तर पहिलं उत्तर मी देईन. माझी जीभ तुम्ही बघितलेली आहेच."

त्या 'छे'वर पोरं फिसकन हसली. मामूंनी काठी बाजूला ठेवली आणि मला सलाम केला. "बस, बहन. इतना ही सुनना था." तबस्सुमने गार्गीच्या वाटीत आणखी एक पळी शीरखुर्मा ओतला. माझ्या अंगात अशी काही हुशारी संचारली की इथेही थांबले नाही. शिकलेलं सगळं दाखवायला नको? जुबेदाची धाकटी बहीण म्हणून मी बेकरीवाल्या चाचांकडे वळले आणि झोकात म्हणाले, "ईद मुबारक, दूल्हाभाई!"

चाचांचं बोळकं हे एवढं फुललं. मग त्यांनी डोळे बारीक केले. "साली साहिबा, अभी गर्मी में वैशाली बिटिया ने आपके जनमदिन का केक बनवाया था. उस पे पैंसठ तो मैंने अपने हाथ से लिखा था."

अंगणात हशा उठला. वैशाली तर जिन्याला धरून बसलीच. जुबेदा एकटी हसत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. "पैंसठ? मैं तो इकसठ की हूँ."

"केसांचा रंग चांगला आहे," मी म्हणाले. पासष्ट आणि एकसष्ट, दुसरं काय म्हणणार?

"तो ये आपके दूल्हाभाई कैसे हुए? वो तो छोटी सालियाँ कहती हैं." ती उठली. गुडघे धरून, हळूहळू. "आप तो बड़ी हैं." आणि मग थांबली. तो शब्द तिने आयुष्यभर ऐकला होता, दिवसातून शंभरदा ऐकला असेल, पण तिच्या तोंडातून तो कधी बाहेर पडलेला नव्हता. तिला तो नेमका कसा म्हणायचा हे शोधावं लागलं असं मला दिसलं.

"आपा," ती म्हणाली. आणि डोकं थोडं झुकवून उभी राहिली.

मला कळेना काय करावं. फैजानने माझा हात धरून तिच्या डोक्यावर नेऊन ठेवला. त्याला रीत ठाऊक होती.

आता गार्गी माझ्या खांद्याला लागली आहे आणि फैजान तिच्याहून वीतभर उंच झालाय, तरी तिला आपा म्हणतो आणि तिच्या सायकलची चेन बसवून देतो. केस मी रंगवायचे सोडून दिले. थोरली बहीण काळ्या केसांची बरी दिसत नाही. त्या ईदच्या संध्याकाळी, चीर लिंपलेल्या भट्टीतून पहिला ट्रे निघाला तेव्हा चाचांनी सवयीने बशी जुबेदापुढे धरली. तिने ती माझ्याकडे सरकवली. सगळे थांबले. मामू, तबस्सुम, कपाटाजवळचं गिऱ्हाईकसुद्धा. माझ्या वरच्या दाढा तेव्हा गेलेल्या होत्या, आणि नानकटाई अजून गरम होती. मी सावकाश तोडली. सावकाश चावली. पाच भावंडांत शेंडेफळ म्हणून जन्मभर सगळ्यांच्या शेवटी ताट मिळालेलं होतं, मी काय घाई करणार होते?

"आपा, ठीक है?" जुबेदाने विचारलं.

"थांब गं," मी म्हणाले, "अजून एक खाऊन सांगते."